वाघाच्या रुपयावरचा ओरखडा

मंगळवारी, अठरा नोव्हेंबरला, दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी अकोटजवळच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, आग लागली. आठ मशीन चालू होत्या. तिसऱ्या मशीनच्या तोंडाशी आधी धूर दिसला आणि कोणी ओरडेपर्यंत आग रुईवरून पळत छपराला भिडली. कापसाची आग चालत नाही, पळते, असं तिथले मजूर म्हणतात. बावीस माणसं बाहेर आली. तेविसावा देवमन इंगळे, वय चव्वेचाळीस, आला नाही.

कारण शोधणाऱ्यांनी चार शक्यता कागदावर मांडल्या: वायरिंग, तापलेलं बेअरिंग, कोणाची बिडी, आणि कापसाबरोबर मशीनमध्ये गेलेला एखादा धातूचा तुकडा. पहिल्या तिन्हींचा पुरावा आठवडाभर शोधून मिळाला नाही. चौथीचा पुरावा नवव्या दिवशी, गुरुवारी सकाळी अकरा वाजता, अमरावतीच्या साईनगरात केशवराव गावंडे यांच्या टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीतून येऊन पडला.

केशवराव त्रेसष्ट वर्षांचे. आयटीआयमध्ये पोरांना टर्नरचं, म्हणजे लेथवर धातू कातण्याचं, काम शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. कोणत्या हत्यारानं धातूवर कोणती खूण उमटते हे त्यांना अक्षरासारखं वाचता यायचं. निवृत्तीनंतर ही विद्या जुन्या नाण्यांच्या कामी आली. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून लोक यायचे, आपल्या हातातल्या वाकड्या नाण्यात टाकसाळीची चूक आहे आणि ते लाखात जाणार आहे या आशेनं. केशवराव भिंग लावून शांतपणे सांगायचे की हे कपडे धुण्याच्या मशीनमध्ये महिनोन्‌महिने गरगरलं म्हणून याचा काठ वळला आहे, हे रुळावर ठेवलं होतं, याचा मधला भाग हातोडीनं पाडला आहे. टाकसाळीच्या दारातून बाहेर पडल्यावर नाण्याचं जे होतं त्याला चूक म्हणत नाहीत, मार म्हणतात, असं ते समजावत. तिवशाचा एक भाजीवाला जाताना म्हणाला होता, तुमच्यापाशी आलो नसतो तर महिनाभर तरी लखपती राहिलो असतो.

नाणं घेऊन आलेली अपेक्षा तायडे अशा आशेनं आलेली नव्हती. आगीची कारणं तपासणाऱ्या अकोल्याच्या एका खाजगी संस्थेत ती इंजिनिअर होती. केशवरावांच्या पत्नीनं, जमुनाबाईंनी, पाणी आणून ठेवलं, त्याला हात न लावता तिनं काम सांगितलं. जिनिंगमधली राख चाळताना श्याम नावाच्या मजुराला हा रुपया सापडला होता. त्यानं तो खिशात घातला, घरी नेला आणि चिंच लावून राखुंडीनं घासघासून चकचकीत केला. मग फोटो काढून जुन्या नाण्यांच्या एका ग्रुपवर टाकला. कोणीतरी लिहिलं, अडीच लाख. तो फोटो फिरत फिरत अपेक्षाच्या फोनवर आला.

"त्यानं घासलं नसतं तर तुमच्यापर्यंत यावंच लागलं नसतं, सर," ती म्हणाली. "काजळी असती तर मीच सांगितलं असतं. आता आधी काय झालं आणि नंतर काय, तेच पुसलं गेलं."

प्रश्न एवढाच होता. रुपयाच्या ज्या बाजूला इंग्रज राजाचं तोंड होतं तिथं, कपाळापासून मानेपर्यंत, एक खोल ओरखडा होता. तो मशीनमधल्या, सरकी सोडवणाऱ्या सुरीचा असेल आणि आगीच्या आधीचा असेल, तर ठिणगी याच नाण्यातून उडाली. तो आगीनंतर मलबा उपसणाऱ्या जेसीबीचा असेल, तर नाणं नुसतं तिथं पडलेलं होतं आणि त्याचा आगीशी संबंध नव्हता. नाणं कोणाचं, हे कळायला काही मार्ग नव्हता. तिसऱ्या मशीनवर जो ढीग चालू होता त्यात आदल्या दिवशी अकरा शेतकऱ्यांचा कापूस एकत्र ओतला होता.

केशवरावांनी चिमट्यानं नाणं उचललं. एकोणीसशे सत्तेचाळीस सालचा निकेलचा रुपया. राजाची बाजू पाहून त्यांनी तो उलटवला. चालता वाघ. वाघाच्या पोटाखाली, जिथं टाकसाळीनं काहीही ठेवलेलं नव्हतं, तिथं एका ओळीत तीन टिंबं होती.

त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि हात टेबलाखाली नेले.

ती टिंबं त्यांनीच पाडली होती. १९७९ साली, आयटीआयच्या पहिल्या वर्षी, घरी आणलेल्या सेंटर पंचानं, धातूवर टिंब पाडायच्या टोकदार हत्यारानं. निकेल किती कठीण असतं ते त्यांना पाहायचं होतं. आईनं पाठीत धपाटा घातला होता आणि पुढं कितीतरी वर्षं आल्यागेल्याला रुपया दाखवून सांगायची, पाहा, माह्या लेकानं वाघाले तीन गोळ्या घातल्या.

"काही दिसलं का, सर?"

"ओरखडा खोल आहे," केशवराव म्हणाले. "वेळ लागेल."

सोमवारपर्यंतची मुदत ठरली. त्यांनी पावतीवर सही केली. सही रोजच्यासारखी आली नाही, पण अपेक्षाला त्यांची रोजची सही माहीत नव्हती. ती गेल्यावर जमुनाबाई कप उचलायला आल्या आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून तशाच उभ्या राहिल्या. काय झालं म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. केशवराव म्हणाले, काही नाही, डोळे दुखतात.

दुपारी त्यांनी धाकट्या भावाला फोन लावला. शेषराव गावी राहायचे, अकोटपासून आठ किलोमीटरवर. घरची काळी जमीन तेच करत. केशवरावांनी इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, "शेषा, आईचा रुपया कुठी हाये?"

पलीकडं दार लोटल्याचा आवाज आला.

"देव्हाऱ्यात हाये ना. कुठी जाते?"

"पाहून सांग मले."

"पायतो," शेषराव म्हणाले आणि फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत त्यांचा फोन आला नाही. केशवरावांनी पुन्हा लावला तेव्हा तो बंद होता. 

शुक्रवारी सकाळी त्यांनी दर्यापूरमार्गे जाणारी एसटी धरली. पिशवी घरी कपाटात कुलपात होती, तरी वाटेत दोनदा त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडं गेला. खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. बायका वाकून वेचत होत्या, कमरेला बांधलेली ओटी फुगलेली. हे दृश्य ते जन्मभर पाहत आले होते. त्या दिवशी मात्र वेचणाऱ्या प्रत्येकीच्या हातांकडं त्यांचं लक्ष जात होतं.

घरात शिरताच त्यांना कळलं की विचारायची गरज नाही. भावजय पार्बताबाई गुडघ्यांना तेल लावत खाटेवर बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही. शेषराव उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. सांगितलं ते सुनेनं, प्रतीक्षानं. दाराच्या चौकटीला धरून, खाली पाहत.

वऱ्हाडात पहिली वेचणी सीतादहीशिवाय होत नाही. शेतात दगड मांडायचे, शेंदूर लावायचा, दहीभात वाहायचा, मग कापसाला हात लावायचा. गावंडे घराण्यात याला आणखी एक जोड होती. पहिल्या चार-पाच बोंडांचा कापूस घ्यायचा, त्यात सासूकडून सुनेकडं आलेला वाघाचा रुपया गुंडाळायचा आणि लहान टोपलीत ठेवून पूजेला लावायचा. घरी आल्यावर त्या कापसाच्या वाती करायच्या, रुपया देव्हाऱ्यात ठेवायचा. पस्तीस वर्षं हे पार्बताबाईंनी केलं. यंदा गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पूजेला प्रतीक्षा गेली. पूजा झाली. तेवढ्यात बांधावर निजवलेली तिची मुलगी रडत उठली. प्रतीक्षा तिला उगी करून परत आली तेव्हा टोपली रिकामी होती. वेचणाऱ्या बायकांनी सगळ्या टोपल्या ढिगावर ओतल्या होत्या, त्यात हीसुद्धा.

तिनं तासभर ढीग उपसला. पांढऱ्या कापसात पांढरा कापूस गुंडाळलेला, काय दिसणार? घरी कापसाची गंजी लावताना सापडेल म्हणून ती थांबली. आठ दिवस सासूला सांगितलं नाही, देव्हाऱ्यापुढं फूल ठेवून जागा झाकली. सतरा तारखेला शेषरावांनी कापूस गाडीत भरून जिनिंगला नेला. अठरा तारखेला आग लागली. त्या दिवसापासून या घरात कोणी कोणाशी त्या विषयावर बोललं नव्हतं. तरी सगळ्यांना सगळं माहीत होतं.

राखेत सापडलेला आणि श्यामनं घासलेला रुपया आपल्याकडं तपासायला आल्याचं केशवरावांनी सांगितलं. मग विचारलं, "टोपली कोनं ओतली?"

प्रतीक्षानं सासूकडं पाहिलं. पार्बताबाईंचा तेलाचा हात थांबला.

"माया वयनीनं," प्रतीक्षा म्हणाली. "तिले काय माईत होतं, मोठेबाबा? मी सांगतलंच नोतं का या टोपल्यात रुपया हाये म्हनून."

माया म्हणजे आगीत गेलेल्या देवमनची बायको. घर तीन दारं सोडून.

गावात मयत झालं असेल आणि बाहेरगावचा माणूस आला, तर त्यानं त्या घरी जाऊन बसायचं असतं. न जाणं म्हणजे बोभाटा. शेषराव म्हणाले, चला, जाऊन येऊ, लोकायनं तुमाले येताना पायलं. दोघं भाऊ निघाले. तेवढी तीन दारं चालायला केशवरावांना फार वेळ लागला.

ओसरीवर सतरंजी होती. चार-पाच माणसं बसली होती. माया आतल्या खोलीच्या भिंतीला टेकून बसली होती. चाळिशीच्या आतली, काटक. हात मांडीवर पालथे ठेवलेले. कापूस वेचणाऱ्या बाईची बोटं बोंडाच्या टोकांनी चिरलेली असतात, तशी तिची होती. केशवरावांना त्या हातांवरून नजर हलवता येईना.

तिनं त्यांना ओळखलं. पदर सारखा केला.

"दादा, तुमी मशिनीचे जानकार," ती म्हणाली. आवाज कोरडा होता, रडून संपलेला. "थे लोक काई सांगत नाईत मले. आग कायनं लागली असन?"

"तपासून राहिले," केशवराव म्हणाले. "सांगतीन."

"कापसात कोनाचं काई गेलं म्हनते. खिळा म्हना, पैसा म्हना." ती पुढं म्हणाली, "ज्याच्या हातानं गेलं ना दादा, त्याचे हात झडो. किडे पडो त्याच्या हाताले."

ओसरीवरच्या एका म्हाताऱ्यानं, तसं बोलू नये बाई, असं म्हटलं.  शेषराव सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत होते, बोट निळं पडेपर्यंत.  केशवरावांनी तिला सांगायला हवं होतं की, बाई, तोंड सांभाळ, तो शाप परत घे. पण का, असं तिनं विचारलं असतं.

बाहेर पडल्यावर दोघं फाट्यापर्यंत चालत गेले. एसटीला अवकाश होता. शेषराव लिंबाखाली थांबले आणि पहिल्यांदाच मोठ्या भावाच्या डोळ्यांत पाहून बोलले. त्यांचं म्हणणं साधं होतं. नाणं अकरा जणांच्या कापसातलं कोणाचंही असू शकतं. टिंबं फक्त आपल्याला माहीत. शिवाय त्या श्यामनं ते घासूनच टाकलं आहे. जाणकारानं लिहिलं की घासल्यामुळं काही सांगता येत नाही, तर कोणाला शंका येणार नाही.

"आपल्यासाठी नोको म्हना," ते म्हणाले. "गाव आपल्याले थुकन, थुको. पन तिले कयलं तं ती काय करन? तुमी आत्ता आयकलं ना, दादा?"

 केशवरावांनाही तेच वाटत होतं, म्हणूनच ते भ्याले होते. एका क्षणी शेषरावांनी आशेनं विचारलं की निकेलच्या रुपयाला चुंबक धरतं ना, लहानपणी तुम्हीच दाखवलं होतं, मग मशीनच्या आधी चुंबक असतं त्यानं हा रुपया धरला कसा नाही? म्हणजे तो मशीनमध्ये गेलाच नसेल. केशवराव म्हणाले, असू शकते. एसटी आली. शेषराव तिच्यामागं चार पावलं चालत आले आणि खिडकीखालून म्हणाले, तुमी मोठे हा, तुमीच पाहा.

शनिवार त्यांनी नाणं न काढता घालवला. रविवारी येणाऱ्या नाणेवाल्यांना जमुनाबाईंनी फोन करून नाही म्हणून कळवलं. रविवारी सकाळी, ऊन खिडकीत आल्यावर, त्यांनी कपाट उघडलं.

आधी खुणांची जात पाहिली. त्यात फार वेळ गेला नाही, आणि गेला असता तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. जेसीबीचा दात किंवा फावडं धातूला खरवडतं. ओरखडा रुंद येतो, आत बारीक आडव्या रेघा येतात, दिशा बदलते. हा सरळ होता. एका काठानं खोल, दुसऱ्या काठाकडं उथळ, आणि खोल काठाला धातूची पातळ किनार उठलेली. पक्की बसवलेली पोलादी सुरी आणि तिच्यावर मागून दाबलं गेलेलं नाणं, असंच हे उमटतं. पोरांना तीस वर्षं त्यांनी हेच शिकवलं होतं. सुरी खरी होती. राहिला वेळेचा प्रश्न.

सुरीची खूण आगीच्या आधीची असेल तर तिचा तळ आगीनं काळा केलेला असणार. नंतरची असेल तर तळ उजळ. त्यांनी भिंग सरकवलं. ओरखड्याचा तळ काळा होता.

पण काळं काय होतं? श्यामनं चिंच आणि राखुंडी घासली होती. तो लगदा ओरखड्यात बसून वाळला तर तोही काळाच दिसतो. फरक एकच. वाळलेला लगदा मऊ असतो, टोकरलं की निघतो. आगीनं धातूवर चढवलेला थर निघत नाही. टोकरायला सुई चालत नाही, सुई स्वतःचीच खूण उमटवते. म्हणून केशवराव अशा कामाला बाभळीचा काटा वापरायचे. काट्यांची डबी खणात होती. त्यांनी एक काटा काढला, त्याचं टोक अंगठ्यावर तपासलं आणि तो भिंगाखाली आणला.

आणि हात थांबला.

काटा रुतला तर सगळे सुटले. नाही रुतला तर खरं जाणणारे ते एकटेच. काट्याचं टोक आणि काळी रेघ यांच्यात मधमाशीच्या पंखाएवढं अंतर असेल, आणि भिंगातून ते विहिरीएवढं दिसत होतं.   स्वयंपाकघरात जमुनाबाई भाकरी थापत होत्या. चार भाकरी होईपर्यंत ते तसेच बसले. मग त्यांनी काटा टेकवला.

मानेकडच्या टोकाला काटा रुतला. तपकिरी भुगा निघाला, खाली उजळ धातू दिसला.  त्यांनी काटा कपाळाकडं सरकवला. अर्ध्या वाटेवर तो घसरला. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरला. तिथून पुढं काळा थर कठीण होता. तीनदा काटे बदलून त्यांनी पाहिलं. अर्धा तळ उजळ, अर्धा आगीनं चढवलेला.

याचा अर्थ ओरखडा आग लागण्याआधी किंवा आग चालू असताना पडला होता. नंतर नव्हे. उजळ अर्धं घासण्यानं उजळलं की तिथं थर चढलाच नव्हता, हे या भिंगानं कळणार नव्हतं. आग लागल्यावरही मशीन काही मिनिटं फिरत होत्या, वीज नंतर तोडली गेली. दुसऱ्याच कोणत्या ठिणगीनं आग लागली, आणि मग हा रुपया जळत्या कापसासोबत सुरीपर्यंत गेला, हेही शक्य होतं. त्या तीन-चार मिनिटांत सगळा न्याय अडकला होता.

जेवताना त्यांनी जमुनाबाईंना सगळं सांगितलं. त्या घास हातात धरून ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तुमी नाही सांगतलं तं दुसरा कोन सांगते?"

"कोनी नाही."

"मंग तुमाले झोप येईन का?"

"सांगतलं तरी नाही येनार," केशवराव म्हणाले.

सोमवारी, एक डिसेंबरला, ते अकोल्याला गेले. गोरक्षण रोडवर दुसऱ्या मजल्यावर अपेक्षाचं ऑफिस होतं. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, आणि ओरखड्याविषयी काही बोलायच्या आधी नाणं उलटं करून तीन टिंबं दाखवली. ही माझ्या हातची आहेत, ते म्हणाले. हा रुपया माझ्या आईचा, माझ्या भावाच्या घरचा. पूजेची टोपली कापसाच्या ढिगावर ओतली गेली, तिच्यातून गेला. गुरुवारीच सांगायला हवं होतं. भ्यालो म्हणून सांगितलं नाही.

 अपेक्षानं कोरा कागद पुढं केला आणि हे सगळं स्वतःच्या हातानं लिहून द्यायला सांगितलं. त्यांनी लिहिलं: खूण सुरीची आहे, आगीनंतरची नाही, आगीआधीची की आगीतली हे माझ्या साधनांनी सांगता येत नाही. तिनं वाचलं आणि समजावलं की नाणं त्यांच्या घरचं असल्यामुळं त्यांचं मत आता धरता येणार नाही. नाणं नागपूरच्या प्रयोगशाळेत जाईल. तिथं ओरखड्याच्या मधून ते आडवं कापतील आणि थर मोजतील. केशवरावांनी तेव्हा चुंबकाचं विचारलं. जिनिंगवाले म्हणतात चुंबक बसवलेलं होतं, ती म्हणाली. ते मलब्यात सापडलं, जागेपासून अकरा फुटांवर. त्याचे बोल्ट सापडले नाहीत. आगीत तुटले की आधीच काढून ठेवले होते, तेही तपासात आहे.

मग तिनं पेन उघडलं.

"टोपली ढिगावर कोणी ओतली, सर?"

रस्त्यावरून उसाच्या रसवंतीचं खुळखुळं ऐकू येत होतं. केशवरावांनी आयुष्यात पोरांना शिकवलं होतं की मोजलं नाही ते सांगायचं नाही.

"मी तिथं नव्हतो," ते म्हणाले.

तिनं तसंच लिहून घेतलं. पूजेच्या दिवशी घरात आणि शेतात कोण होतं त्यांची नावं तिनं मागितली. शेषरावांचं, पार्बताबाईंचं आणि प्रतीक्षाचं नाव त्यांनी दिलं. वेचणाऱ्या बायकांची नावं मला माहीत नाहीत, असं ते म्हणाले. हे मात्र खरं नव्हतं.

त्यानंतरचं जेवढं माहीत आहे ते असं. पाच डिसेंबरला नाणं प्रयोगशाळेत पोचलं, पोच मिळाली. बारा डिसेंबरला प्रतीक्षाचा जबाब अकोटला झाला, पाऊण तास. टोपलीचा प्रश्न तिला विचारला गेला, हे अपेक्षानं केशवरावांना सांगितलं. तिनं काय उत्तर दिलं ते सांगितलं नाही. प्रतीक्षानंही घरी सांगितलं नाही, आणि शेषरावांची विचारायची छाती झाली नाही. देवमनची तेरवी तोवर होऊन गेली होती. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिसरी वेचणी निघाली तेव्हा माया शेषरावांच्या शेतात कामाला आली, कारण दरवर्षी येते. पार्बताबाई त्या दिवसांत शेताकडं फिरकल्या नाहीत.

आठ जानेवारीला केशवरावांना संस्थेचं पत्र आलं. नाणं कापण्याचं काम झालं आहे, जबाबांसह अहवाल तयार होत आहे, आणि त्याच्या प्रती कोणाकोणाला जाणार याची यादी सोबत जोडली आहे, असं त्यात होतं. यादीत पाच नावं होती. चौथं नाव मृताच्या पत्नीचं होतं, गावाच्या पत्त्यासह, स्पीड पोस्टानं.

सोमवार, बारा जानेवारीच्या दुपारच्या टपालापर्यंत अहवाल कोणालाही मिळालेला नव्हता.